नाडी छप्पन्न

आपल्या घरात बोटाला लावण्याचे ते छोटे यंत्र अजून असेलच. करोनाच्या काळात, ज्या घरांत कधी थर्मामीटरही नव्हता, त्या घरांत ते आले आणि साथ ओसरल्यावर तसेच राहिले. त्यावर दोन आकडे दिसतात. एक प्राणवायूचा, दुसरा नाडीचा. साथीच्या दिवसांत सर्वांचे लक्ष पहिल्या आकड्याकडे असे. आता तो बहुधा ठीकच असतो, म्हणून नजर दुसऱ्याकडे वळली आहे. आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी माझ्या दवाखान्यात कोणी ना कोणी काळजीच्या सुरात सांगते, "डॉक्टर, नाडी छप्पन्नच दाखवतंय."

आण्णांनाही त्या यंत्राने छप्पन्नच दाखवले होते. आण्णा म्हणजे माझे जुने रुग्ण. एसटीत बत्तीस वर्षे चालक होते, त्यांतली निम्मी कऱ्हाड-चिपळूण रस्त्यावर, कुंभार्ली घाटातून. वय एकाहत्तर. तीन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला, तेव्हापासून पंपिंग पस्तीस टक्के. दिवसाला सहा गोळ्या. त्या सहांपैकी एक मेटोप्रोलॉलची, म्हणजे ज्यांना बीटा ब्लॉकर म्हणतात त्या जातीची. एके दिवशी यंत्राने छप्पन्न दाखवले आणि त्याच आठवड्यात मेव्हण्यांनी त्या गोळीसोबतचा कागद वाचून दाखवला. हृदयाच्या आकुंचनाचा जोर ही गोळी कमी करते, असे त्यात होते. आण्णांनी सरळ हिशेब मांडला. हृदय आधीच अशक्त, त्यात हे औषध त्याचा जोर आणखी कमी करणार, नाडीही उतरलेली. मग ही गोळी मला मारायला दिली आहे की जगवायला? सोमवारपासून त्यांनी ती बंद केली. मला विचारले नाही. 'डॉक्टरांना उगाच कशाला त्रास' म्हणून.

दोन दिवस काहीच झाले नाही, उलट हुशारी वाटली. शनिवारी रात्री दोन वाजता ते धडपडत उठून बसले. छातीत नगारा वाजत होता आणि आडवे होता येत नव्हते. त्याच यंत्राने आता एकशे अडतीस दाखवले. मुलाचा फोन आला तेव्हा मी एवढेच सांगितले की माझ्याकडे येण्यात वेळ घालवू नका, थेट मोठ्या रुग्णालयात न्या. चार दिवस अतिदक्षता विभागात काढून आण्णा परतले.

नंतर दोघे पती-पत्नी दवाखान्यात आले. काकू खुर्चीत बसतानाच म्हणाल्या, "डॉक्टर, आज यांना चांगलं रागवा. माझं ऐकत नाहीत." आण्णा मान खाली घालून बसले होते. रागावण्याचा अधिकार त्या दिवशी मला नक्कीच होता. तो मला वापरता आला नाही, कारण आण्णांनी मांडलेला हिशेब एकेकाळी माझाच होता. तो मी परीक्षेत लिहिला होता, त्याला पैकीच्या पैकी गुण मिळवले होते आणि पुढे माझ्याच वडिलांवर वापरला होता.

तो हिशेब कुठे चुकतो हे कळायचे तर हृदयाच्या एका पेशीत डोकावावे लागते. वाचकहो, थोडा धीर धरून माझ्याबरोबर चला. यात पाठ करण्यासारखे काही नाही.

सलाइनच्या बाटल्यांपैकी 'आर. एल.' लिहिलेली बाटली आपण पाहिली असेल. त्यातला 'आर' म्हणजे रिंगर. सिडनी रिंगर हे एकोणिसाव्या शतकातील लंडनचे डॉक्टर. बेडकाचे हृदय बाहेर काढून मिठाच्या पाण्यात ठेवले तर ते किती काळ धडधडत राहते, याचे प्रयोग ते करीत. त्यांच्या द्रावणात हृदय चांगले तासन्‌तास चालत असे. मग एकदा तेच क्षार, तेच प्रमाण, आणि हृदय मात्र मलूल होऊन थांबू लागले. शोध घेतल्यावर उलगडा झाला. पूर्वीचे द्रावण शुद्ध केलेल्या पाण्यात बनवायचे असताना साहाय्यकाने ते नळाच्या पाण्यात बनवले होते. लंडनच्या नळाला येणारे पाणी जड होते, त्यात कॅल्शियम होते. शुद्ध पाण्यात ते नव्हते. १८८३ साली रिंगर यांनी हे प्रसिद्ध केले. कॅल्शियमवाचून हृदयाचा स्नायू आकुंचन पावत नाही, ही गोष्ट जगाला अशी एका साहाय्यकाच्या आळसातून कळली. (आळस हा शब्द माझा. बिचाऱ्याला कदाचित घाई असेल.)

येथे बऱ्याच आजी-आजोबांच्या मनात एक प्रश्न येईल, तो आधी निकालात काढतो. हाडांसाठी दिलेली कॅल्शियमची गोळी जास्त घेतली तर हृदय बळकट होईल का? नाही. रक्तातील कॅल्शियम शरीर फार काटेकोरपणे सांभाळते. कमी पडले तर हाडांतून काढते, जास्त झाले तर लघवीवाटे टाकते. हृदयाची भूक त्यातून केव्हाच भागलेली असते. आणि रक्तदाबासाठी दिलेली ॲम्लोडिपिनसारखी 'कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर' गोळी हाडांतील कॅल्शियम कमी करते का? तेही नाही. नावावर जाऊ नये. ती प्रामुख्याने रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायू सैल करते.

आता पेशीकडे. हृदयाची एक पेशी लांबीने मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढी. तिच्या आत प्रथिनांचे दोन प्रकारचे धागे एकाआड एक रचलेले असतात. जाड धाग्यांना असंख्य छोटे हात असतात. त्या हातांनी पातळ धागे पकडून ओढले की पेशी आखडते. कोट्यवधी पेशी एकदम आखडल्या की एक ठोका पडतो. पण एरवी हे हात पातळ धाग्याला पकडू शकत नाहीत, कारण पकडण्याच्या जागेवर एका पहारेकरी प्रथिनाने कडी घातलेली असते. ती कडी काढतो कॅल्शियमचा कण. तो पहारेकऱ्याला चिकटला की कडी सरकते, हात धागा पकडतात, पेशी आखडते. कॅल्शियम दूर झाले की कडी पुन्हा लागते आणि पेशी सैल होते.

विसाव्याच्या क्षणी पेशीच्या आत मोकळे कॅल्शियम किती असते, हे ऐकण्यासारखे आहे. पेशीबाहेर जेवढे असते त्याच्या सुमारे दहा हजारांश. म्हणजे बाहेर भरलेली विहीर आणि आत जवळजवळ कोरडे अंगण. विजेचा संदेश आला की पेशीच्या आवरणातील दारे क्षणभर उघडतात आणि थोडेसे कॅल्शियम आत येते. तेवढ्याने काम भागत नाही; पण पेशीच्या आत कॅल्शियमचे स्वतःचे कोठार असते, त्याला ही उंबऱ्यावरची हाक पुरते. कोठाराचे दरवाजे उघडतात, कॅल्शियम बाहेर लोटते आणि कड्या निघतात.

आणि आता जे सांगणार आहे ते मला स्वतःला फार उशिरा कळले. कळले म्हणजे पाठ होते, पण समजले उशिरा. कड्या काढण्याइतकेच, किंबहुना त्याहून निगुतीचे काम पुढचे आहे. सांडलेले सगळे कॅल्शियम क्षणात गोळा करून कोठारात परत भरायचे, उरलेले पेशीबाहेर काढायचे. हे काम पेशीतील छोटे पंप करतात आणि त्यांना इंधन लागते. आपल्याला वाटते की आखडायला कष्ट पडतात आणि सैल व्हायला काही लागत नाही. तसे नाही. मृत्यूनंतर काही तासांनी शरीर ताठ होते ते याचमुळे. इंधन संपलेले असते, धाग्याला पकडलेले हात सुटत नाहीत. स्नायूला सोडण्यासाठीही जिवंतपणा लागतो.

नाडी बहात्तर असेल तर एका ठोक्याला एका सेकंदाहून थोडा कमीच वेळ मिळतो. त्यातला साधारण एक तृतीयांश आखडण्यात जातो आणि दोन तृतीयांश सैल होण्यात. या सैल होण्याच्या काळात हृदय रक्ताने भरते. इतकेच नव्हे, हृदयाच्या डाव्या, मुख्य कप्प्याच्या भिंतीला स्वतःचा रक्तपुरवठाही बहुतांशी याच काळात मिळतो, कारण आखडलेल्या स्नायूतून रक्त नीट वाहत नाही. नाडी एकशे वीसवर गेली की एका ठोक्याला अर्धाच सेकंद उरतो आणि कात्री लागते ती मुख्यतः सैल होण्याच्या वेळेला. हृदय धावत असते, पण अर्धे भरलेले आणि अर्धपोटी.

मग त्याला धावायला लावते कोण? जिना चढताना, बस पकडताना, नातवाला पडताना पाहिल्यावर मज्जातंतू आणि मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ॲड्रेनलिन व त्याचे भावंड नॉरॲड्रेनलिन सोडतात. हे रेणू हृदयाच्या पेशीपर्यंत येतात, पण आत शिरत नाहीत. आपल्यापैकी अनेकांना तारवाला आठवत असेल. तो दारात सायकल टेकवून हाक मारी, तार हातात देई आणि निघून जाई. घरात जी धावपळ उडे ती घरचीच माणसे करीत. पेशीच्या दारावर तार घेणारी प्रथिने असतात, त्यांना बीटा रिसेप्टर म्हणतात. ॲड्रेनलिन त्यांच्या हाती तार देते. आत सायक्लिक एएमपी नावाचा दुसरा निरोप्या तयार होतो आणि तो घरभर धावतो. हा आतला निरोप्या अर्ल सदरलँड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात शोधला; १९७१ साली त्याबद्दल त्यांना नोबेल मिळाले. या निरोप्याच्या सांगण्यावरून कॅल्शियमची दारे अधिक उघडतात, कोठारे अधिक भरतात, आणि पंपांना एरवी आवरून धरणारे एक प्रथिन आपली पकड सोडते, त्यामुळे आवराआवरही वेगाने होते. ठोका जोरदार आणि चपळ होतो. जिना चढून होतो, बस मिळते, तारवाल्याची फेरी संपते आणि घर शांत होते.

तात्पुरत्या संकटासाठी ही व्यवस्था अप्रतिम आहे. हृदय कायमचे अशक्त झाले की हीच व्यवस्था घात करते. झटक्याने स्नायूचा एक भाग मेला, रक्त पुढे ढकलणे कमी झाले. शरीराला हे कळते, पण कारण कळत नाही. त्याला वाटते, कुठे जखम झाली, रक्त वाहून गेले. ते ॲड्रेनलिन सोडते. उद्याही सोडते, परवाही. तारवाला आता रोज, दर तासाला, रात्रीही येऊ लागतो. उरलेल्या पेशी धावतात, धावत राहतात. कोठारांचे दरवाजे ढिले पडून कॅल्शियम गळू लागते. ते जमा करणारे पंप मागे पडतात. हाक आली तरी कोठारात देण्यासारखे पुरेसे उरत नाही. घर कंटाळून तार घेणारी माणसेच आत बोलावून घेते, म्हणजे आवरणावरचे रिसेप्टर कमी होतात. शरीराला उत्तर मिळत नाही म्हणून ते आणखी तारा धाडते. दमलेल्या पेशी एकेक करून मरतात.

आता आण्णांचा हिशेब पुन्हा पाहू. अशक्त हृदयाला जोर देणारे औषध हवे, जोर कमी करणारे नको. वैद्यकशास्त्राने नेमके हेच धरून औषधे काढली. मिलरिनोन हे त्यांतले एक. तो आतला निरोप्या, सायक्लिक एएमपी, मोडू न देता त्याचे प्रमाण वाढवणारे. रुग्णांना बरे वाटे, आकडे सुधारत. मग मोठी चाचणी झाली आणि १९९१ साली तिचा निष्कर्ष आला. दीर्घकाळ मिलरिनोनच्या गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा २८ टक्क्यांनी जास्त होते. थकलेल्या घोड्याला चाबूक मारला होता.

याच्या उलट टोकाला स्वीडनमधील गोथेनबर्गचे काही डॉक्टर होते. फिन वागस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली सात रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. सातही जणांची हृदये थकलेली, नाडी धावती. त्यांनी त्यांना बीटा ब्लॉकर दिले, म्हणजे तारवाल्याला दारातच अडवले. रुग्ण सुधारले. जगाने विश्वास ठेवला नाही. सात रुग्ण म्हणजे काय पुरावा, असे विचारले गेले, आणि ते विचारणे चूकही नव्हते. पण पुढची दोन तपे पाठ्यपुस्तकांनी एकच वाक्य छापले की हृदय अशक्त असताना बीटा ब्लॉकर वर्ज्य. मी एमबीबीएस झालो १९९० च्या दशकात. औषधशास्त्राच्या पेपरात हेच वाक्य लिहून आलो. १९९९ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. एकीत बायसोप्रोलॉल, दुसरीत मेटोप्रोलॉल. दोन्हींत मिळून साडेसहा हजारांहून अधिक रुग्ण होते आणि दोन्हींत मृत्यूचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. फायदा इतका स्पष्ट दिसला की दोन्ही चाचण्या ठरल्या मुदतीआधी थांबवण्यात आल्या. पुस्तके बदलली. पुस्तके बदलतात, पण परीक्षेत लिहिलेले वाक्य डोक्यातून इतक्या सहज जात नाही.

२००२ साली माझ्या वडिलांना, नानांना, हृदयविकाराचा झटका आला. ते निवृत्त शिक्षक, वय अडुसष्ट. पंपिंग तीस टक्क्यांवर आले. मोठ्या शहरातील तज्ज्ञांनी त्यांना कार्वेडिलॉल सुरू केले. हेही बीटा ब्लॉकरच. मात्रा अगदी कमी, ३.१२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. चिठ्ठीच्या खाली लिहिले होते की पहिले काही दिवस थकवा वाटेल, दर दोन आठवड्यांनी मात्रा वाढवायची आहे. आठव्या दिवशी नाना मला म्हणाले, "अरे, पाय उचलत नाहीत. अंगात काही राहिलं नाही." मी नाडी पाहिली, अठ्ठावन्न. रक्तदाब शंभर. पायांवर सूज नव्हती, चक्कर नव्हती, दम वाढला नव्हता. या सगळ्याचा अर्थ 'थोडे थांबा, तज्ज्ञांना एक फोन करा' असा होता. माझ्या डोक्यात मात्र ते जुने वाक्य उभे राहिले. म्हटले, अशक्त हृदयाला हे औषध कसे चालेल? मी ती गोळी बंद केली. आठवडाभरात नाना हुशार झाले, अंगणात फेऱ्या मारू लागले. शेजाऱ्यांना सांगत, 'डॉक्टर घरातच आहे, काळजी कसली.' मला त्या वाक्याचा अभिमान वाटला होता.

ती हुशारी कसली होती हे आता मला कळते. चाबूक परत आला होता.

तीन महिन्यांनी तपासणीला गेलो. एको झाला, पंपिंग पंचवीस. तज्ज्ञांनी फाइल चाळली, चष्मा काढला आणि शांतपणे विचारले, "कार्वेडिलॉल कोणी बंद केलं?" नाना माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "मीच." त्यांनी मला बोल लावला नाही. एक कागद घेऊन दोन मिनिटांत समजावले की पहिले काही आठवडे हृदयाचा आधार काढल्यासारखे होते, माणूस मलूल होतो. पण पेशींना विसावा मिळाला की कोठारे पुन्हा भरू लागतात, दारावरची माणसे परततात, आणि तीन-चार महिन्यांनी तेच हृदय आधीपेक्षा जोराने आखडते. ज्याला जोर कमी करणारे औषध म्हणतात, त्याने काही महिन्यांत पंपिंग वाढते. फक्त तेवढे महिने ते घ्यावे लागते.

गोळी पुन्हा सुरू झाली. नानांनी नेटाने घेतली. या वेळी थकवा आला तेव्हा ते माझ्याशी बोललेच नाहीत, हे मला नंतर आईकडून कळले. २००४ च्या थंडीत एका पहाटे झोपेतच ते गेले. ते तीन महिने वाया गेले नसते तर ते अधिक जगले असते का? एका माणसाबाबत असा प्रश्न कोणतीही चाचणी सोडवत नाही. आईने मला तो कधी विचारला नाही. मी स्वतःला विचारतो, विशेषतः कोणी "गोळी बंद केली" म्हणून समोर बसते तेव्हा.

आण्णांना मी हे सगळे सांगितले. पेशी, कॅल्शियम, तारवाला, आणि नानाही. काकू डोळ्यांना पदर लावून बसल्या. आण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे घाटात एक्सिलरेटर दाबूनच ठेवायचा, असं चाललं होतं माझ्या छातीत." मी म्हटले, होय. ते म्हणाले, "पण मग गोळी बंद केल्यावर आधीपेक्षा वाईट का झालं? आधी इतकी धडधड कधी नव्हती."

हा प्रश्न फार योग्य होता आणि बहुतेक रुग्ण तो विचारत नाहीत. तारवाला दारात अडवला जातो तेव्हा पेशी हळूहळू तार घेणारी माणसे पुन्हा दारावर उभी करते. हे चांगलेच आहे, पण आता दारावर गर्दी असते. अशात अडवणारा एकाएकी निघून गेला तर आलेली प्रत्येक तार दहा हातांत पडते आणि घरात हलकल्लोळ माजतो. म्हणून ही गोळी कधीही एकदम बंद करायची नसते. बंद करण्याची खरोखर वेळ आली तर एक-दोन आठवड्यांत पायरीपायरीने उतरवायची असते, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आण्णांनी लगेच मान हलवली. "घाटमाथ्यावर गाडी तापलेली असते, तेव्हा रेडिएटरचं झाकण एकदम उघडायचं नसतं. नवीन पोरं उघडतात आणि हात भाजून घेतात." माझ्या तारवाल्यापेक्षा हे बरे होते. आता मी इतर रुग्णांनाही तेच सांगतो.

मग छप्पन्न या आकड्याचे काय करायचे? ज्यांना ही गोळी चालू आहे, त्यांची नाडी पन्नास ते साठच्या घरात असणे हा बहुधा ती काम करीत असल्याचा पुरावा असतो. मात्र आकडा पन्नासच्या खाली राहू लागला, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, चक्कर येऊन तोल गेला, दम किंवा सूज वाढली किंवा दोन-तीन दिवसांत वजन दीड-दोन किलोने वाढले, तर त्याच दिवशी फोन करावा. भोवळ येऊन माणूस पडला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर फोनचीही वाट न पाहता रुग्णालय गाठावे. मात्रा कमी करायची की दुसरे काही, ते डॉक्टर ठरवतील. गोळ्यांची पट्टी कपाटात ठेवून देणे हा त्यावरचा उपाय नव्हे. दमा असेल तर ही गोळी लिहून घेताना तो आवर्जून सांगावा. गावाला जाताना गोळ्या चार दिवस पुरतील इतक्या जास्त न्याव्यात. कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी, अगदी मोतीबिंदूच्या का असेना, ही गोळी चालू असल्याचे तेथील डॉक्टरांना सांगावे आणि 'उपाशी राहायचे म्हणून' ती परस्पर चुकवू नये. सांभाळ करणाऱ्या मुला-सुनांना माझी एक विनंती आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत आजोबा मलूल दिसले तर 'हे औषध यांना सोसत नाही' असा निकाल घाईने देऊ नका. एक मुलगा तसा देऊन बसला होता, आणि तो तर डॉक्टर होता.

आणखी एक खुलासा, कारण तो रोज करावा लागतो. पंपिंग शंभर टक्के कोणाचेच नसते. निरोगी हृदयही प्रत्येक ठोक्याला आपल्यातले सगळे रक्त बाहेर टाकत नाही; पंचावन्न ते सत्तर टक्के म्हणजे उत्तम. साठ टक्के लिहिलेला एको पाहून 'चाळीस टक्के हृदय गेले' असे समजून रडणारी माणसे मी पाहिली आहेत. आणि वर जी गोष्ट सांगितली ती पंपिंग कमी झालेल्या हृदयाची आहे. काही वृद्धांचे पंपिंग चांगले असते पण हृदय ताठर होऊन नीट सैल पडत नाही, त्यांनाही दम लागतो. त्यांचे औषधोपचार वेगळे असतात; त्यावर पुन्हा केव्हातरी लिहीन.

आण्णांचा सहा महिन्यांनंतरचा एको गेल्या पंधरवड्यात झाला. पंपिंग बेचाळीस. त्यांनी एक वही केली आहे, एसटीच्या लॉगबुकसारखी आखलेली. तारीख, सकाळची नाडी, वजन, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. परवा ती माझ्या टेबलावर ठेवली. नाडी छप्पन्न, अठ्ठावन्न, पंचावन्न, छप्पन्न. शेऱ्यात ओळीने 'ठीक'. एका दिवशी मात्र 'बाजारातून दोन पिशव्या आणल्या, मध्ये थांबलो नाही' असे होते. काकूंनी विचारले, "आता तरी ही एक गोळी कमी होईल का हो डॉक्टर?" मी उत्तर देण्याआधीच आण्णा म्हणाले, "ती राहू दे. लघवीच्या गोळीचं विचार. रात्री तीनदा उठावं लागतं."

लघवीची गोळी आम्ही सकाळी घ्यायची ठरवली.